आमचे सूर्यवंशी

सरकारी कचेरीत मान वर करून बघायची वेळ माणसावर दोनदाच येते. पंखा बंद पडला की एकदा आणि स्लॅब गळायला लागला की एकदा. आमच्या नगरपरिषदेतले एक वरिष्ठ लिपिक मात्र तासातासाला वर बघतात. खुर्चीतून उठायचं, खिडकीशी जायचं, कपाळावर हात आडवा धरून आभाळ न्याहाळायचं आणि परत येऊन डायरीत काहीतरी टिपायचं. नवख्या माणसाला वाटतं, बिचाऱ्याचा कांदा काढून शेतात पडलाय. कांदा नाही, द्राक्षबाग नाही, गुंठाभर जमीनसुद्धा नाही. कचेरीच्या गच्चीवर ५६ सोलर प्लेटा आहेत आणि त्यांच्यावर ढग आलेला या गृहस्थांना खपत नाही.

त्यांचं खरं आडनाव हजेरीपटात आहे, तिथेच असू दे. कचेरी त्यांना सूर्यवंशी म्हणते. हे नाव पडलं तेव्हा गावातल्या एकाही सरकारी गच्चीवर सोलर नव्हतं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर ते अकराच्या आत कधी दिसले नाहीत, म्हणून पडलं. आले की आधी चष्मा पुसायचे, मग संगणक पुसायचे, मग ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ म्हणायचे. गावात माणसं त्यांच्या परवानगीशिवाय जन्मत आणि मरत होती, पण सिद्ध करता येत नव्हती. आज हाच माणूस सकाळी पावणेसातला हातात वायपर घेऊन गच्चीचा जिना चढतो. नाव मात्र बदलावं लागलं नाही.

या स्थित्यंतराला कारण झाला अग्नी. राज्य सरकारने २ ऑक्टोबर २०२० ला ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केलं. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश अशी पंचमहाभूतं, आणि प्रत्येक महाभूताला गुण. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांनी पेपर सोडवायचा. आमच्या मुख्याधिकाऱ्यांनी महाभूतांचं खातेवाटप केलं. भूमी बागेच्या माळ्याकडे गेली, जल पाणीपुरवठ्याकडे. वायू आरोग्य विभागाकडे दिला, कारण कचरा डेपो पेटला की धूर त्यांच्याच नावावर पडतो. आकाशाचं काय करायचं ते कोणालाच कळेना, तेव्हा ते शाळेवर सोपवलं. अग्नी सरळ अग्निशमन विभागाकडे पाठवला. तिथून तिसऱ्या दिवशी फाईल परत आली. वर शेरा होता: ‘सदर अग्नी विझवावयाचा नसून लावावयाचा असल्याचे दिसून येते. सबब या विभागाशी संबंधित नाही.’ मग अग्नी रिकाम्या खुर्चीच्या नावावर टाकायचं ठरलं. सकाळी साडेदहाला कचेरीत रिकामी खुर्ची एकच होती.

अग्नी म्हणजे सौरऊर्जा, हे समजायला सूर्यवंशींना आठवडा लागला आणि गच्ची रिकामी करायला वर्ष. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. ३० किलोवॅटचा प्रकल्प मंजूर झाला होता, म्हणजे ३००० फूट मोकळी हवी. मोडक्या खुर्च्या, गंजलेल्या मतपेट्या, फॉगिंगचं बिघडलेलं मशीन आणि एका माजी नगराध्यक्षांचा अर्धपुतळा, असा ऐवज गच्चीवर होता. बाकीच्या वस्तूंचं रीतसर निर्लेखन झालं. पुतळ्याचं निर्लेखन करायला कोणी सही करेना. शेवटी त्याला उत्तरेच्या कोपऱ्यात सरकवलं. तिथून सावली प्लेटांवर येत नाही. जूनमध्ये सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो तेव्हा भर दुपारी चार बोटं सावली दक्षिणेकडे येते, तेवढी सूर्यवंशींनी नगराध्यक्षांना माफ केली आहे.

तेव्हा निवडणुका रखडलेल्या आणि नगरपरिषदेवर प्रशासक बसलेले. आमचे मुख्याधिकारीच प्रशासक होते. मुख्याधिकारी म्हणून ते प्रशासकांना प्रस्ताव सादर करायचे, प्रशासक म्हणून त्यात एखादी त्रुटी काढायचे, मुख्याधिकारी म्हणून तिची पूर्तता करायचे आणि मग प्रशासक म्हणून समाधान व्यक्त करायचे. दोन्ही सह्या एकाच पेनाने, पण तारखांत चार दिवसांचं अंतर ठेवून. लोकशाहीची सवय मोडू नये म्हणून असावं.

लोकार्पण सकाळी अकराला होतं. पाहुणे संध्याकाळी साडेसातला आले. सूर्य मावळून गेलेला. कळ दाबली, टाळ्या पडल्या आणि मांडवातला मोठा दिवा लागला. तो कुठल्या विजेवर लागला हे विचारायची ती वेळ नव्हती. वीज इकडून किती गेली आणि तिकडून किती आली, असं दोन्ही बाजूंनी मोजणारं नेट मीटर लागतं, तेच अजून बसायचं होतं. अर्ज, तपासणी, चाचणी, करारनामा असं करत ते बसलं तेव्हा लोकार्पणाची कोनशिला एका कोपऱ्यात उखडलीसुद्धा होती.

मीटर बसलं त्या दुपारी जिन्याखाली इन्व्हर्टरजवळ सूर्यवंशी एकटेच उभे होते. पडद्यावर आकडा होता, ०.४. थोड्या वेळाने ०.५ झाला. मग ०.९. कंत्राटदाराचा पोरगा हत्यारं गोळा करून निघून गेला, तरी हे तिथेच. तीस वर्षांच्या नोकरीत, कोणाचीही सही नसताना पुढे सरकलेली गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. त्या दिवशी कचेरी सुटल्यावर कुलूप लावायला आलेल्या शिपायाने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

तेव्हापासून ‘नमस्कार’ या शब्दाची जागा आकड्याने घेतली. रस्त्यात भेटले की लांबूनच ओरडतात, “एकशे अठरा!” ही रक्तातली साखर नव्हे, कालची युनिटं. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिटं धरतात, म्हणजे आमच्या गच्चीचा हिशोब १२० चा. त्याच्या वर गेलं की सूर्यवंशी चहा पाजतात. ऐंशीच्या खाली आलं की जेवण जात नाही. पावसाळ्यात शेतकऱ्यांच्या गावात राहून ‘यंदा जरा जास्तच चाललंय’ असं उघडपणे बोलणारा हा एकच माणूस. दोनदा मार खाता खाता वाचले आहेत.

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले. पोहे आले, मुलगी आली, प्रश्न झाले. हे जागेवर नव्हते. यजमानांचा जिना चढून गच्चीवर गेले होते. खाली येऊन त्यांनी बैठकीत निकाल दिला, “दक्षिण पूर्ण मोकळी आहे. स्थळ चांगलं आहे.” लग्न झालं. आणि हो, त्या घरावर आता तीन किलोवॅट आहे.

जन्म-मृत्यूचं टेबल अजून त्यांच्याकडेच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. एक कोटी घरांवर सोलर, महिन्याला ३०० युनिटांपर्यंत वीज मोफत, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान. सरकारी इमारतीला त्यातला रुपया मिळत नाही, पण प्रचार करायला कोणाची ना आहे? वडिलांचा मृत्यू दाखला न्यायला आलेल्या माणसाला सूर्यवंशी खुर्ची देतात, पाणी देतात, दोन शब्द सांत्वनाचे बोलतात आणि विचारतात, “मीटर वडिलांच्याच नावावर होतं का? आधी नाव बदलून घ्या. त्याशिवाय अनुदान नाही पडत.” माणूस रडायचं थांबतो, एवढं खरं.

दाखलेही आता पटापट मिळतात, त्याचंही कारण वरच आहे. झेरॉक्स, प्रिंटर आणि सभागृहातला एसी अकरा ते तीन याच वेळेत चालवायचा, असा त्यांनी दंडक घातला. त्यामुळे पूर्वी ‘जेवणानंतर या’ म्हणणारी कचेरी आता जेवणाआधी छपाई उरकते. नेट मीटर असताना याची काही गरज नाही. दुपारी जास्तीची वीज लाइनवर जाते, ती तुमच्या खात्यावर जमा होते आणि नंतर वापरता येते. कनिष्ठ अभियंत्याने त्यांना हे कागदावर काढून दाखवलं. सूर्यवंशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरोबर आहे साहेब. पण उसनवारी मला पटत नाही.”

एकदा मी त्यांच्यासोबत सकाळी गच्चीवर गेलो होतो. प्लेटा धुवायच्या त्या गार असताना. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. साबण नाही. बोअरचं पाणी नाही, कारण त्यात क्षार फार, वाळल्यावर पांढरे डाग राहतात आणि ते डाग धुळीपेक्षा वाईट. म्हणून नळाला पाणी येतं त्या दिवशी धुणं. आमच्याकडे नळ दिवसाआड येतो. कधी येणार ते पाणीपुरवठ्यालाही नक्की ठाऊक नसतं, तरी सूर्यवंशी बादल्या घेऊन हजर असतात. आधी फडकं ओलं करून कबुतरांची शिट भिजवायची, खरवडायची नाही. ती सुटली की वरून खाली एकच हात, वायपरचा. खालच्या चौकटीत गाळाची एक बारीक रेघ साचते, ती बोटाला फडकं गुंडाळून काढायची. “ही रेघ बघा,” ते म्हणाले. “प्लेटेतल्या सगळ्यात खालच्या ओळीवर बसते. एवढ्या रेघेनं अख्खी प्लेट मागे पडते, आणि एक प्लेट मागे पडली की तिच्या रांगेतल्या बाकीच्या तेरा तिच्यासाठी थांबतात.” मग जरा विचार करून म्हणाले, “आमच्या लेखा विभागासारखं.”

पाणी वर न्यायला सफाईच्या मावशी मदत करतात. त्यांचं मत वेगळं आहे. “सायेब, हितं रोज देव धुतल्यागत धुताय. खालच्या संडासाकडं बी बघा की जरा.” सूर्यवंशींनी बघितलं. संडासातला दिवा दिवसभर जळत होता, तो त्यांनी बंद केला.

बादल्यांचा एक इतिहास आहे. प्रकल्पाला निधी मिळाला, पण प्लेटा धुण्यासाठी अंदाजपत्रकात लेखाशीर्ष नव्हतं. इमारत बांधायला पैसा असतो आणि झाडायला नसतो, हे आमच्याकडचं जुनं दुखणं. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांवर प्लेटा आहेत आणि त्यांच्यावर मातीचा इतका जाड थर आहे की मेथी पेरावी. तेव्हा सूर्यवंशींनी किरकोळ खर्चातून वायपर १, प्लॅस्टिक बादल्या २ आणि सुती फडकी ६ अशी खरेदी केली. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला: ‘सौर पॅनेल ही विद्युत बाब असून विद्युत बाबीवर पाणी ओतण्याचे प्रयोजन स्पष्ट होत नाही. खुलासा करावा.’ सूर्यवंशींनी आलेखासह अकरा पानांचा खुलासा दिला. धुण्याआधीची युनिटं ९७, धुतल्यानंतरची ११६. आक्षेप मागे घेतला गेला. खाली ओळ होती: ‘खुलासा मान्य. तथापि यापुढे धूळ बसणार नाही याची दक्षता घ्यावी.’

मे महिन्यात त्यांना दरवर्षी तेच ऐकावं लागतं. बाहेर बेचाळीस अंश, डांबर चपलेला चिकटतंय, आणि युनिटं मात्र फेब्रुवारीपेक्षा कमी. मुख्याधिकाऱ्यांनी बोलावून घेतलं. एवढं ऊन आणि उत्पादन का नाही? कोणी फ्यूज काढतंय का? सूर्यवंशी म्हणाले, “साहेब, प्लेटेला उजेड लागतो, उष्णता नाही. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला तिचं काम अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर घटतं. आत्ता तिचं अंग पासष्टवर आहे.” मुख्याधिकारी एसीच्या झोतात होते. म्हणाले, “मग तिला गार ठेवायचं काही बघा.” हा विनोद होता की आदेश, ते सूर्यवंशींना आजतागायत ठरवता आलेलं नाही. फाईल त्यांनी उघडून ठेवली आहे.

फ्लेक्सचं प्रकरण मात्र त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत नाजूक. नगरपरिषदेला अभियानात कसलंसं बक्षीस मिळालं. चौकाच्या, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला, गच्चीच्या कठड्यावर रातोरात फ्लेक्स चढला. दहा फूट उंच, पंचवीस फूट लांब. मधोमध भाऊ हात जोडून, भोवती शुभेच्छुकांची मुंडकी, आणि खाली ‘हरित शहराचे शिल्पकार’. महिना डिसेंबरचा. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे खाली असतो. दहा फुटी भाऊंची नऊ फुटी सावली भर बाराला पहिल्या रांगेवर पसरली. ५६ पैकी १४ प्लेटा भाऊंच्या सावलीत. सकाळ-संध्याकाळ तर सावली दुसऱ्या रांगेपर्यंत यायची.

फ्लेक्स उतरवायची कोणाची छाती? अतिक्रमण विभाग म्हणाला, आमच्या अखत्यारीत रस्ता येतो, गच्ची येत नाही. परवाना विभाग म्हणाला, फ्लेक्सला परवाना नाही, म्हणजे आमच्या दप्तरी तो फ्लेक्सच नाही. सूर्यवंशींनी टिपणी लिहिली, ‘मा. भाऊंच्या सावलीमुळे दररोज सरासरी २३ युनिटांचे नुकसान होत आहे.’ वरिष्ठांनी ती वाचली आणि त्यांना दार लावून घ्यायला सांगितलं. हे वाक्य वर्तमानपत्रात गेलं तर काय होईल, याची त्यांना कल्पना दिली. ‘सावली’च्या जागी ‘छत्रछाया’ घालावं, अशी सूचनाही झाली.

मग सूर्यवंशी स्वतःच भाऊंच्या बंगल्यावर गेले. लिपिकाची तीस वर्षं वाया जात नाहीत. युनिटांचा उल्लेखही केला नाही. म्हणाले, “भाऊ, एक सांगू का? दक्षिणेचं ऊन फार कडक. चेहरा फिका पडायला लागलाय. उत्तरेला लावला तर वर्षभर रंग टिकेल.” भाऊंनी फोनवर फोटो बघितला, कपाळाला आठी घातली आणि कार्यकर्त्याला हाक मारली. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उत्तरेच्या कठड्यावर गेला. तिकडे मासळी बाजाराची मागची भिंत आहे. भाऊ अजून तिकडे हात जोडून उभे आहेत, रंग उत्तम टिकला आहे.

जिल्ह्याची समिती पडताळणीला आली, तो दिवस सूर्यवंशींच्या आयुष्यातला मोठा दिवस. नवा शर्ट, खिशाला पेन दोन. सभागृहात पडद्यावर सादरीकरण सुरू झालं. भूमी झाली, वायू झाला, जल झालं. बारा वाजून दहा मिनिटांनी ‘अग्नी’ ही अक्षरं पडद्यावर आली आणि लाइट गेली. पडदा काळा, एसी बंद, पंखे हळूहळू थांबले. डोक्यावर ५६ प्लेटा लख्ख उन्हात, आणि खाली अंधार.

“सोलर आहे ना?” समितीच्या साहेबांनी विचारलं.

“आहे साहेब. पण कंपनीची लाइन गेली की आपलं इन्व्हर्टर आपणहून बंद होतं. नाहीतर आपली वीज उलटी लाइनवर जाईल आणि खांबावर चढलेला लायनमन जीव गमावेल. सगळीकडे असंच असतं साहेब, नियमच आहे.”

“म्हणजे लाइट असली तरच हे लाइट देतं?”

“होय साहेब.”

“अहो, पण लाइट असताना लाइट हवी कोणाला?”

“बिलाला साहेब.”

उत्तर बिनचूक होतं, पण घाम पुसणाऱ्या माणसाला बिनचूक उत्तर आवडत नाही. मुख्याधिकाऱ्यांनी खूण केली. मागच्या अंगणातला डिझेल जनरेटर घरघरला, काळा धूर खिडकीतून आत आला आणि पडदा उजळला. पुढची पाटी होती, ‘सौरऊर्जेमुळे कार्बन उत्सर्जनात झालेली घट’. समितीतल्या एका बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि वायूच्या रकान्यात मागे जाऊन काहीतरी खोडलं. सूर्यवंशींच्या डायरीत त्या दिवशीची नोंद आहे: ‘१२.१० ते १.३५ पुरवठा खंडित. अंदाजे ३० युनिटे बुडाली. डिझेल ४ लिटर. चहा १४.’

हे त्यांनी मनाला लावून घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत वहिनींना म्हणाले, चल, गुजरात बघून येऊ. वहिनींना वाटलं द्वारका, सोमनाथ. निघाले ते मेहसाणा जिल्ह्यात मोढेऱ्याला. तिथे अकराव्या शतकातलं सूर्यमंदिर आहे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ते गाव चोवीस तास सौरऊर्जेवर चालणारं देशातलं पहिलं गाव म्हणून जाहीर झालं. तेराशेवर घरांच्या छपरांवर एकेक किलोवॅट, जवळ मोठा प्रकल्प आणि रात्रीसाठी वीज साठवून ठेवणाऱ्या बॅटऱ्या. वहिनी कुंडाच्या पायऱ्यांवर बसून कोरीव काम बघत होत्या आणि हे मंदिराकडे पाठ करून गावातली छपरं मोजत होते. वहिनी मला म्हणाल्या, “सूर्याच्या देवळात जाऊन सूर्याला पाठ दाखवणारा पहिला भक्त!”

घरी मात्र त्यांचं काही चालत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि वरची गच्ची सोसायटीची. सभेत त्यांनी विषय मांडला तेव्हा सगळ्या महिला सभासद उठून उभ्या राहिल्या. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड घालायचे कुठे? ठरावाच्या विरोधात पहिलं बोट वहिनींचं होतं. “ऊन काय नगरपरिषदेच्या मालकीचं आहे का?” असंही त्या म्हणाल्या म्हणतात. सूर्यवंशींच्या घराचं विजेचं बिल पूर्ण येतं.

आता एक गोष्ट ते फक्त विश्वासातल्या माणसाला सांगतात. नगरपरिषदेचं खरं बिल कचेरीचं नसतंच. कचेरीत पंखे, दिवे आणि एक झेरॉक्स. वीज खातात ते नदीवरच्या जॅकवेलचे पंप आणि रस्त्यावरचे दिवे. राज्यभरच्या ग्रामपंचायती आणि नगरपरिषदा थकबाकीत बुडतात त्या याच दोन मीटरांवर. कचेरीच्या गच्चीवर सोलर लावणं सोपं, कारण तिथे फोटो चांगला येतो. जॅकवेलपाशी कोण जातंय? सूर्यवंशींनी मात्र तिथली पडीक जागा पावलांनी मोजून ठेवली आहे. डायरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने नकाशा आहे, रांगा आखलेल्या, मध्ये धुणाऱ्याला चालायला वाट सोडलेली. “हे झालं तर गावाचं पाणी उन्हावर वर चढेल,” म्हणाले. मग डायरी मिटून खिशात घातली, कारण साहेब येत होते.

पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीला, राज्यातल्या पहिल्या सौरग्रामाला, कचेरीचा अभ्यासदौरा गेला होता. बाकीचे कर्मचारी वाटेत तांबडा रस्सा कुठे चांगला मिळतो याचा अभ्यास करून आले. सूर्यवंशी तिथल्या गावकऱ्यांना एकच प्रश्न विचारत फिरले, “धुतं कोण?” घरोघर आपापली प्लेट आपणच पुसतात म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. असला उपाय आमच्या नियमावलीत बसत नव्हता.

मग निवडणुका झाल्या. नवे नगरसेवक आले, नवी उमेद आली, आणि पहिल्याच सभेत विषय आला व्यापारी संकुलाचा. कचेरीच्या दक्षिणेला जुनी भाजी मंडई आहे, ती पाडून तिथे तीन मजली गाळे. वर पाण्याच्या टाक्या आणि त्यांच्यावर नावाची पाटी. सूर्यवंशींनी विषयपत्रिका वाचली आणि त्या दिवशी डायरीत युनिटं लिहायला विसरले.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर बांबू उभा राहिला. संकुलाची जेवढी उंची कचेरीच्या वर जाणार तिच्या बरोबर दहाव्या हिश्श्याचा बांबू, कठड्याला सुतळीने बांधलेला. दर तासाला सूर्यवंशी वर जायचे आणि बांबूच्या सावलीच्या टोकाशी खडूने रेघ मारून वेळ लिहायचे. मावशींनी दोनदा पुसून टाकलं, तिसऱ्यांदा त्यांनी ऑइल पेंट आणला. नकाशा पूर्ण झाला. २१ डिसेंबरला सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत ५६ पैकी निम्म्याहून जास्त प्लेटा नगरपरिषदेच्या उत्पन्नवाढीच्या सावलीत.

त्यांनी टिपणी ठेवली. नगराध्यक्षांनी ती वाचून प्रेमाने विचारलं, “गाळ्यांचं भाडं किती येईल आणि युनिटं किती बुडतील?” हिशोब सूर्यवंशींच्या बाजूने नव्हता. ते तसं लपवणारे गृहस्थ नाहीत, त्यांनी खरा आकडा सांगितला. विषय संपला असता. पण बांधकामासाठी हरकती आणि सूचना मागवणारी जाहीर नोटीस निघाली, आणि नोटीस वाचणं हा त्यांचा तीस वर्षांचा पेशा. ‘बाधित मिळकतधारकाने मुदतीत लेखी हरकत घ्यावी.’ बाधित मिळकत कोणती? नगरपरिषदेची इमारत. मिळकतधारक कोण? नगरपरिषद. तेव्हा त्यांनी नगरपरिषदेच्या वतीने नगरपरिषदेच्या विरोधात हरकतीचा मसुदा तयार केला, सावलीचा नकाशा जोडला आणि दुपारच्या सह्यांच्या गठ्ठ्यात मधोमध घातला. मुख्याधिकाऱ्यांनी सही केली. प्रशासक असताना स्वतःशी पत्रव्यवहार करायची त्यांना सवय लागली होती, त्यांना काही वावगं वाटलं नाही.

आवक-जावक विभागाने हरकतीला क्रमांक दिला. बांधकाम विभागाने सुनावणीची नोटीस काढली. अर्जदार: मुख्याधिकारी, नगरपरिषद. हरकतदार: मुख्याधिकारी, नगरपरिषद. सुनावणी अधिकारी: मुख्याधिकारी. दोन्ही पक्षांतर्फे हजर राहून बाजू मांडण्यासाठी एका वरिष्ठ लिपिकास प्राधिकृत करण्यात आलं आहे.

मी विचारलं, “मग? तयारी झाली का?”

“तयारी दोन्हीकडची झालीय हो,” सूर्यवंशी वैतागून म्हणाले. “पण वेळ कोणी दिली ही? दुपारी बाराची! बाराला मी खाली कोर्टबाजी करत बसू आणि वर प्लेटांकडे कोण बघणार?”

सुनावणी सायंकाळी सहानंतर ठेवावी, असा अर्ज त्यांनी त्याच दिवशी दिला. दोन प्रतींत, दोन्ही पक्षांतर्फे.